काजळी जाळणारे उत्प्रेरक टीजीएवर कसे पारखावेत: खलापासून टी५०पर्यंत

सिरिया (सिरियम ऑक्साइड) या उत्प्रेरकाचा एकच नमुना दोघांनी एकाच टीजीएवर, म्हणजे नमुना तापवत त्याचे वजन मोजणाऱ्या यंत्रावर, तपासला. निम्मी काजळी जळण्याचे तापमान एकाला ४१० °से. मिळाले, दुसऱ्याला ५२०. दोघांचीही गणिते बरोबर होती. एकाने काजळी आणि सिरिया अगेटच्या खलात दहा मिनिटे घोटले होते, दुसऱ्याने बाटलीत स्पॅच्युलाने हलवले होते. ही गोष्ट दोघांनीही वहीत लिहिली नव्हती. अशा आकड्यांवरून उत्प्रेरक निवडला जातो आणि पुढे कित्येक महिने त्याच्यावर खर्च होतात, म्हणून हा लेख.

लेख डिझेलच्या काजळीपुरता आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला. अडकलेली काजळी मधूनमधून जाळावी लागते. उत्प्रेरक नसेल तर त्यासाठी साधारण ६०० °से. लागतात, आणि शहरात चालणाऱ्या गाडीचा धूर बहुतेक वेळ २०० ते ४०० अंशांच्या आतबाहेर असतो. ही दरी कमी करणारे उत्प्रेरक शोधताना पहिली चाळणी टीजीएवर लागते, कारण वीस मिलिग्रॅम नमुना आणि दीड तास पुरतो. ज्यांच्याकडे टीजीए आणि डीएससी एकत्र असलेले यंत्र आहे त्यांना वजनाबरोबर उष्णताही मोजता येते. फक्त टीजीए असेल तरी नवव्या टप्प्यातला डीएससीचा भाग सोडून बाकी सगळे लागू पडते.

चाळणीत होणाऱ्या बहुतेक चुका यंत्र सुरू होण्यापूर्वीच झालेल्या असतात. म्हणून या लेखातला मोठा भाग तयारीचा आहे.

## १. आधी प्रश्न लिहून ठेवा

पुढच्या गोष्टी पहिला नमुना तोलण्याआधी कागदावर हव्यात: काजळी कोणती, उत्प्रेरकाशी तिचे प्रमाण किती, मिसळण्याची रीत कोणती, वायू कोणता, तापवेग किती आणि तुलना कोणत्या आकड्यावर करायची. टी१० म्हणजे १० टक्के काजळी जळाली ते तापमान, टी५० म्हणजे निम्मी, टी९० म्हणजे ९० टक्के. डीटीजीच्या, म्हणजे वजन घटण्याच्या वेगाच्या आलेखाच्या, शिखराचे तापमान हा वेगळा आकडा आहे. ते टी५०च्या जवळपास पडते, पण तेच नसते. एका तक्त्यात टी५० आणि दुसऱ्यात शिखर घेऊन तुलना करणारे मी दरवर्षी पाहतो.

यातली एक गोष्ट जरी मध्येच बदलली, तर आधीचे सगळे नमुने पुन्हा करावे लागतात.

## २. काजळी निवडा आणि तीही तपासा

कार्बन ब्लॅकचा प्रिंटेक्स-यू हा प्रकार जगभर नमुना-काजळी म्हणून वापरला जातो. त्याचे मूळ कण साधारण २५ नॅनोमीटरचे असतात. तो वापरला तर तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. पूर्ण चाळणीला पुरेल इतका एकाच लॉटचा घ्या, १०५ °से.ला रात्रभर वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

मेणबत्तीची किंवा रॉकेलच्या चिमणीची काजळी काचेवर धरून वापरणारे पुष्कळ आहेत. तिच्यात न जळलेले हायड्रोकार्बन असतात, आणि ते प्रत्येक खेपेला वेगळ्या प्रमाणात येतात. इंजिनातून गोळा केलेल्या खऱ्या काजळीतही तेलाचा आणि इंधनाचा अंश असतो. हे पदार्थ २०० ते ४०० अंशांत उडून जातात आणि वजनाची ती घट पाहून वाटते, उत्प्रेरकाने काजळी लवकर पेटवली. खऱ्या काजळीवर जरूर काम करा, पण चाळणी संपल्यावर, निवडलेल्या दोन-तीन उत्प्रेरकांवर.

तपासणी: नुसती काजळी नायट्रोजनमध्ये ६०० °से.पर्यंत तापवा. वजनात जी घट दिसेल ती जळण्याची नाही, उडून जाणाऱ्या अंशाची आहे. प्रिंटेक्स-यूमध्येही हा अंश थोडा असतो. तो आकडा वहीत लिहून ठेवा, आठव्या टप्प्यात लागेल.

## ३. उत्प्रेरक एकटा तापवून बघा

हा टप्पा गाळला जातो आणि सगळ्यात जास्त फसगत याच्यामुळे होते.

२० मिलिग्रॅम मिश्रणात एकास नऊ या प्रमाणाने काजळी २ मिलिग्रॅम आणि उत्प्रेरक १८. उत्प्रेरकात फक्त ३ टक्के ओल असेल तर ती ०.५४ मिलिग्रॅम झाली, म्हणजे काजळीच्या वजनाच्या २७ टक्के. उत्प्रेरकाच्या नजरेने किरकोळ असलेली ओल काजळीच्या नजरेने पावपट आहे.

ओल हा एकच चोर नाही. लँथॅनम ऑक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेते. त्यातून बनणारा कार्बोनेट सुटायला सातशे अंशांच्या आसपास किंवा वर जावे लागते. पोटॅशियम कार्बोनेट असलेले उत्प्रेरक ओल धरतात. नायट्रेटपासून बनवलेला नमुना नीट भाजला गेला नसेल तर उरलेला नायट्रेट २०० ते ६०० अंशांत सुटतो, म्हणजे नेमका काजळी जळण्याच्या पट्ट्यात. इतकेच नव्हे, तो सुटताना निघणारे नायट्रोजन डायऑक्साइड काजळीला ऑक्सिजनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला जाळते. कच्चा भाजलेला उत्प्रेरक पहिल्या खेपेला झकास दिसतो आणि दुसऱ्या खेपेला साधा ठरतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

तेव्हा क्रम असा ठेवा:

1. सगळे उत्प्रेरक एकाच तापमानाला, एकाच वेळेपुरते भाजा. चाळणीचा रन ७०० °से.पर्यंत जाणार असेल तर भाजणी त्याहून खाली नको.
2. घोटून एकाच चाळणीतून काढा. १०० मायक्रॉनच्या खालचा भाग घ्या.
3. प्रत्येक उत्प्रेरक एकटा, मिश्रणात असेल तितक्याच वजनाचा, हवेत त्याच कार्यक्रमाने ७०० अंशांपर्यंत तापवा.
4. २०० अंशांनंतर एक टक्क्याहून जास्त घट दिसली तर पुन्हा भाजा किंवा कारण शोधा. तोवर पुढे जाऊ नका.

सावधान: कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये उघड्या टेबलावर तासभर ठेवलेला पोटॅशियमचा नमुना म्हणजे वेगळाच पदार्थ होतो. भाजल्यावर डेसिकेटरमध्ये ठेवा आणि तोलायच्या वेळीच बाहेर काढा.

## ४. यंत्र आणि मूस

मूस. अॅल्युमिनाची, उथळ, तोंड रुंद असलेली मूस घ्या आणि झाकण लावू नका. प्लॅटिनमची मूस नको. प्लॅटिनम स्वतःच ज्वलनाचा उत्प्रेरक आहे आणि निघालेला कार्बन मोनॉक्साइड तो जाळून टाकतो. अॅल्युमिनियमची मूस ६६० °से.ला वितळते, त्यामुळे या कामात तिला जागा नाही. पोटॅशियम असलेले नमुने तापल्यावर अॅल्युमिनाच्या मुशीशीही लागतात. त्या मुशी वेगळ्या ठेवा आणि दुसऱ्या नमुन्यांसाठी वापरू नका. धुऊन स्वच्छ दिसणाऱ्या मुशीत मागे राहिलेले पोटॅशियम पुढच्या उत्प्रेरकाला फुकटचे श्रेय देते.

तापमानाचे कॅलिब्रेशन. डीएससी जोडलेले असेल तर जस्ताचा वितळबिंदू ४१९.५ °से. आपल्या पट्ट्याच्या मध्यावर पडतो. त्याच्या एका बाजूला इंडियम (१५६.६) आणि दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम (६६०.३) घ्या. नुसते टीजीए असेल तर निकेल आणि लोखंडाचे क्यूरी बिंदू (त्यांचे चुंबकत्व जाते ती तापमाने) वापरा. कॅलिब्रेशन त्याच तापवेगाला आणि त्याच वायूत करावे असे म्हणतात, पण धातू हवेत वितळवले तर त्यांच्यावर ऑक्साइडची साय धरते. म्हणून ते नायट्रोजनमध्ये करा, तापवेग आणि प्रवाह मात्र रनचेच ठेवा.

वजनाची पारख. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटच्या तीन पायऱ्या १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्क्यांच्या आल्या पाहिजेत. ही वजनाची परीक्षा आहे. काही जण या पायऱ्यांवरून तापमान जुळवतात. ते चुकीचे आहे, कारण त्या कुठे पडतील हे तापवेग, वायू आणि मूस यांवर ठरते.

वायू. इथे एक लपलेली चूक असते. बऱ्याच यंत्रांत तराजूच्या संरक्षणासाठी नायट्रोजनचा वेगळा प्रवाह असतो आणि तो भट्टीत येऊन मिसळतो. हवा मिनिटाला ४० मिलिलिटर आणि संरक्षक नायट्रोजन २० असेल, तर नमुन्यापाशी ऑक्सिजन २१ टक्के उरत नाही, १४ टक्के होतो. दोन्ही प्रवाह लिहा आणि बेरजेवरून ऑक्सिजन काढा. १४ टक्के वाईट नाही. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन हवेपेक्षा कमीच असतो. पण तो किती आहे हे तुम्हाला माहीत हवे.

ब्लँक. रिकामी मूस त्याच कार्यक्रमाने तापवा. तापल्यावर भट्टीतला वायू विरळ होतो, मुशीला मिळणारा उचल कमी पडतो आणि वजन वाढल्यासारखे दिसते. ही खोटी वाढ ५० मायक्रोग्रॅम जरी असली तरी २ मिलिग्रॅम काजळीच्या अडीच टक्के होते. ब्लँक दर दिवशी करा आणि वजा करा. गेल्या महिन्याचा ब्लँक चालणार नाही.

## ५. मिसळणे: सगळा निकाल इथे लागतो

काजळी घन, उत्प्रेरक घन. दोन घन एकमेकांना टेकतील तिथेच उत्प्रेरकाचे काम चालते. काजळीचे मूळ कण २५ नॅनोमीटरचे असले तरी त्यांचे पुंजके मायक्रॉनच्या मापाचे असतात, आणि उत्प्रेरकाची बरीचशी छिद्रे काही नॅनोमीटरची. काजळी त्या छिद्रांत शिरू शकत नाही. म्हणून बीईटीने (वायू शोषवून पृष्ठभाग मोजण्याच्या पद्धतीने) मोजलेले ग्रॅममागे १५० चौरस मीटर पाहून हुरळून जाऊ नका. वायूच्या अभिक्रियेत ते क्षेत्रफळ कामी येते, काजळीला त्यातले बाहेरचे थोडेसेच सापडते.

मिसळण्याच्या दोन रीती रूढ आहेत. खलात किंवा बॉल मिलमध्ये घोटले की घट्ट संपर्क, नुसते स्पॅच्युलाने हलवले की सैल संपर्क. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या गटाने १९९०च्या दशकात या फरकावर पायाचे काम केले, आणि फिल्टरमधला प्रत्यक्ष संपर्क सैल मिश्रणासारखा असतो असे दाखवले. घट्ट आणि सैल यांच्या टी५०मध्ये शंभर अंशांचा फरक सहज पडतो, आणि काही उत्प्रेरकांचा क्रमांकही बदलतो.

माझे मत स्पष्ट आहे. दोन्ही करा, पण निवड सैल संपर्कावर करा. घट्ट संपर्काचा आकडा उत्प्रेरकाची अंगची ताकद सांगतो, सैल संपर्काचा आकडा गाडीत त्यातली किती उरेल ते सांगतो. वेळ एकाच रीतीपुरता असेल तर सैल निवडा.

प्रमाण. काजळी एक भाग आणि उत्प्रेरक चार किंवा नऊ भाग. यातले एक धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

घट्ट मिश्रणाची कृती

1. एका वेळी १०० मिलिग्रॅमचा घाणा करा: १० मिलिग्रॅम काजळी, ९० उत्प्रेरक. तराजू ०.१ मिलिग्रॅम दाखवत असेल तर १० मिलिग्रॅमला चूक एक टक्का येते. थेट २ मिलिग्रॅम तोलायला गेलात तर पाच टक्के.
2. काजळी हलकी असते आणि स्थिर विजेने प्लॅस्टिकला चिकटते. काचेच्या किंवा धातूच्या ताटलीत तोला.
3. खलात आधी उत्प्रेरक, त्यावर काजळी. बत्त्याने हलका दाब देत घड्याळ लावून दहा मिनिटे घोटा. दर दोन मिनिटांनी कडेची पूड स्पॅच्युलाने मध्ये ओढा.
4. सगळी चाळणी एकाच माणसाच्या हाताने घोटली जाऊ द्या. हात बदलला की संपर्क बदलतो. शक्य असेल तर छोटी बॉल मिल वापरा, ती हाताचा प्रश्न सोडवते.
5. खल दोन नमुन्यांमध्ये नुसता धुऊ नका. चिमूटभर शुद्ध क्वार्ट्झची पूड घोटून टाका, मग धुवा आणि वाळवा.

सैल मिश्रणाची कृती

1. तेच वजन काचेच्या छोट्या बाटलीत घ्या.
2. स्पॅच्युलाने दोन मिनिटे हलवा. काचेवर दाबू नका, घासू नका.
3. मुशीत पूड सोडा आणि तशीच राहू द्या. मूस टेबलावर आपटून पूड बसवण्याची सवय अनेकांना असते. तसे केले की सैल मिश्रण अर्धे घट्ट होते.

सावधान: पोटॅशियम नायट्रेट असलेला उत्प्रेरक काजळीबरोबर खलात किंवा बॉल मिलमध्ये घोटू नका. शोरा आणि कोळसा एकत्र घोटण्यासारखेच ते आहे. असे नमुने फक्त सैल, फक्त काही मिलिग्रॅम. परक्लोरेट असलेला कुठलाही नमुना या कामात आणूच नका. आणि दोन्ही पुडी इतक्या बारीक असतात की तोलताना, घोटताना मास्क लावलाच पाहिजे.

तपासणी: घट्ट मिश्रणाची चिमूट पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून पाहा. पिवळट कण वेगळे आणि काळ्या रेघा वेगळ्या दिसत असतील तर घोटणे पुरे झालेले नाही. मग घाण्याच्या तीन वेगळ्या जागांवरून नमुने घेऊन जाळा. काजळीचा अंश तिन्हींत एकमेकांच्या अर्ध्या टक्का-बिंदूच्या आत यायला हवा: ९.७, १०.०, १०.१ चालेल. ८.६, १०.०, ११.२ आले तर घाणा टाकून द्या. सैल मिश्रणात विस्कळितपणा जास्त असतो, म्हणून तिथे रनची संख्या वाढवा.

## ६. तापवण्याचा कार्यक्रम

१५० °से.पर्यंत मिनिटाला १० अंशांनी, तिथे ३० मिनिटे थांबणे, मग मिनिटाला १० अंशांनी ७०० पर्यंत. वायू सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. बहुतेक चाळण्यांना एवढे पुरते.

‘ओल आणि तेल काढून टाकू’ म्हणून काही जण मिश्रण नायट्रोजनमध्ये ४०० अंशांपर्यंत नेतात आणि मग हवा सोडतात. सिरियाच्या बाबतीत हे घातक आहे. सिरिया आपल्या जाळीतला ऑक्सिजन काजळीला देऊ शकते, म्हणजे मोजणी सुरू होण्याआधीच अभिक्रिया सुरू झालेली असते. पोटॅशियम नायट्रेट ३३४ °से.ला वितळून काजळीवर पसरते आणि तुम्ही जपून केलेला सैल संपर्क ओला होतो. वाळवणे १५० वर थांबवा.

नमुना किती घ्यायचा ते ऑक्सिजनच्या हिशेबाने ठरवा. एक मिलिग्रॅम कार्बन पूर्ण जाळायला सुमारे २ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर हवा लागते. मिश्रणात ५ मिलिग्रॅम काजळी असेल आणि ती एका मिनिटात पेटली तर ५० मिलिलिटर हवा त्या एका मिनिटात मुशीच्या तळापर्यंत पोचायला हवी. तुमचा प्रवाहच तेवढा असेल, आणि त्यातला बराचसा मुशीच्या वरून निघून जातो. अशा रनमध्ये तुम्ही उत्प्रेरकाचा वेग मोजत नाही, हवा आत शिरण्याचा वेग मोजता. १० ते २० मिलिग्रॅम मिश्रण, त्यात १ ते २ मिलिग्रॅम काजळी, हे प्रमाण सुरक्षित पडते.

तपासणी: सर्वात जोमदार उत्प्रेरकाचा रन निम्म्या वजनावर पुन्हा करा. टी५० पाच अंशांहून जास्त सरकला तर नमुना जास्त होता. सगळ्यांसाठी वजन कमी करा.

## ७. रन कोणत्या क्रमाने

रिकामी मूस. नंतर काजळी आणि निष्क्रिय पूड, म्हणजे अल्फा-अॅल्युमिना किंवा सिलिका, त्याच प्रमाणात, त्याच रीतीने मिसळलेली. हा खरा शून्यबिंदू. नुसती काजळी मुशीत ढीग घालून जाळली तर ती वेगळ्या तऱ्हेने जळते, कारण तिची उष्णता शोषणारे आजूबाजूला काही नसते. ‘उत्प्रेरकाने टी५० १८० अंशांनी खाली आणला’ असे म्हणताना १८० कशापासून मोजले, हे इथे ठरते.

मग संदर्भ उत्प्रेरक. बाजारातली एक सिरिया घ्या, तिचा मोठा घाणा बाटलीत ठेवा आणि दर दिवशी पहिला आणि शेवटचा रन तिचाच करा. सकाळी ४१२ आणि संध्याकाळी ४२३ आले तर मधल्या सगळ्या रनवर प्रश्नचिन्ह आहे.

त्यानंतर तपासायचे नमुने, चिठ्ठ्या टाकून आलेल्या क्रमाने, प्रत्येकी किमान तीन वेळा. एका मालिकेतले उत्प्रेरक घटकाच्या चढत्या प्रमाणाने लावले तर यंत्राचा दिवसभरातला ढळ तुम्हाला घटकाचा परिणाम वाटेल.

## ८. आलेख वाचणे

आलेखावर पहिले पाऊल: शंभर टक्के कुठे धरायचे. वाळल्यानंतर आणि काजळी पेटण्याआधी वजनाचा सपाट भाग येतो, बहुधा २०० अंशांजवळ. तोच शून्य ज्वलन. शेवटचा सपाट भाग पूर्ण ज्वलन.

हिशेब करून बघू. मिश्रण २०.०० मिलिग्रॅम. २०० अंशांना १९.५० उरले, ६५० ला १७.४७. मधली घट २.०३. तिसऱ्या टप्प्यात एकट्या उत्प्रेरकाने याच पट्ट्यात ०.०७ गमावलेले होते, ते वजा केले की काजळी १.९६. टी५० म्हणजे उत्प्रेरकाची घट वगळून ०.९८ मिलिग्रॅम काजळी गेली ते तापमान.

हेच काम घाईने, सुरुवातीचे २०.०० धरून केले तर एकूण घट २.५३ होते. तिचे १० टक्के, ०.२५ मिलिग्रॅम, शंभर-एक अंशांतच जातात, आणि ते सगळे पाणी असते. तक्त्यात ‘टी१० = १०५ °से.’ असा आकडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. टी५० मात्र विश्वास बसेल असा येतो, म्हणून तो जास्त धोकादायक: १.२६ मिलिग्रॅम घटीला खरी काजळी ३९ टक्केच जळालेली असते.

काजळीतल्या उडून जाणाऱ्या अंशासाठी दुसऱ्या टप्प्यातला आकडा शेजारी ठेवा. टी१० त्या अंशाच्या पट्ट्यात पडत असेल तर टी१०वर निष्कर्ष काढू नका, टी५० वापरा.

तीन रनची सरासरी आणि त्यांचा फैलाव दोन्ही लिहा. सैल संपर्कात दहा अंशांचा फैलाव नवल नाही. अशा वेळी सहा अंशांनी ‘सरस’ ठरलेला उत्प्रेरक सरस नसतो.

## ९. उष्णता: भडका ओळखा, मग तिचा उपयोग करा

कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर ग्रॅममागे ३२.८ किलोज्यूल निघतात. २ मिलिग्रॅमचे सुमारे ६६ ज्यूल. १५० मिलिग्रॅमच्या अॅल्युमिना मुशीला एक अंश तापायला साधारण ०.१५ ज्यूल पुरतात. सगळी उष्णता तिथेच अडकली तर तापमान शेकडो अंश उडी मारेल. बरीच बाहेर जाते, तरी पेटत्या पुडीचे तापमान थर्मोकपल दाखवते त्याहून वर असते, कारण थर्मोकपल मुशीच्या खाली आहे.

भडका ओळखायच्या दोन खुणा. नमुन्याचे तापमान वेळेच्या अक्षावर काढा. सरळ चढत्या रेषेवर फुगवटा दिसला तर भडका उडाला. आणि वजन तापमानाच्या अक्षावर काढले तर रेषा पुढे जाऊन मागे वळते, कमान करते. डीटीजीचे शिखर सुईसारखे टोकदार होते ते याचमुळे. अशा रनमधला टी५० तक्त्यात घालू नका. नमुना निम्मा करा, निष्क्रिय पूड मिसळून पातळ करा, किंवा तापवेग मिनिटाला ५ अंशांवर आणा.

भडका नसेल तर डीएससीचा उपयोग होतो. कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइड झाला तर ग्रॅममागे फक्त ९.२ किलोज्यूल निघतात. समजा मोजलेली उष्णता २५ आली. २५ मधून ९.२ वजा केले, उरलेल्या १५.८ ला २३.६ ने भागले, तर ०.६७. म्हणजे साधारण दोनतृतीयांश कार्बन पूर्ण जळाला आणि उरलेल्याचा विषारी वायू झाला. हा अंदाजच आहे, कारण काजळी शुद्ध कार्बन नसते आणि सहाशे अंशांजवळ डीएससीची बेसलाइन डळमळते. पण दोन उत्प्रेरकांपैकी कोण मोनॉक्साइड सोडतो आहे, हे सांगायला तो पुरतो.

सावधान: टीजीएला मास स्पेक्ट्रोमीटर जोडून वस्तुमान २८ वर मोनॉक्साइड शोधू नका. नायट्रोजनही २८ वरच दिसतो, आणि कार्बन डायऑक्साइडचा तुकडाही तिथेच पडतो. हवेऐवजी आर्गॉनमधला ऑक्सिजन घ्या आणि डायऑक्साइडचा वाटा वजा करा, किंवा सरळ एफटीआयआर (अवरक्त किरणांनी वायू ओळखणारे यंत्र) जोडा.

## १०. निवडलेल्यांची दुसरी परीक्षा

वीस-पंचवीसांतून तीन-चार उरले की एकाच तापवेगाचा आकडा पुरत नाही.

स्थिर तापमान. नमुना नायट्रोजनमध्ये ३५० अंशांवर न्या, स्थिरावू द्या, मग हवा सोडा आणि निम्मी काजळी जळायला किती मिनिटे लागतात ते मोजा. सहाव्या टप्प्यात सांगितलेला सिरियाचा आणि नायट्रेटचा धोका इथेही आहे, म्हणून नायट्रोजनमधला वेळ कमीत कमी आणि सर्वांना सारखा ठेवा. गाडीच्या धुराच्या परिस्थितीशी हा आकडा टी५०पेक्षा जवळचा आहे.

सक्रियण ऊर्जा. मिनिटाला २, ५ आणि १० अंश अशा किमान तीन वेगांनी रन करा आणि किसिंजरची पद्धत लावा: तापवेगाला शिखर-तापमानाच्या वर्गाने भागून नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, तो तापमानाच्या व्यस्तासमोर मांडा, येणाऱ्या सरळ रेषेच्या उतारातून ऊर्जा काढा. तापमान केल्विनमध्ये. सेल्सिअस तसेच टाकण्याची चूक दरवर्षी होते. एकाच रनमधून ऊर्जा काढून देणारे सॉफ्टवेअर वापरू नका. वेगवेगळी गृहीतके एकाच आलेखावर तितकीच छान बसतात आणि ऊर्जेचे आकडे दुपटीने वेगळे येतात. शिवाय ऊर्जा कमी म्हणजे उत्प्रेरक चांगला असे सरळ नाते नसते, टी५० शेजारी ठेवूनच वाचा.

दुसरी आणि तिसरी खेप. उरलेला उत्प्रेरक गोळा करा, ताजी काजळी त्याच रीतीने मिसळा, पुन्हा जाळा. मूस भरताना थोडा नमुना कमी होतो, म्हणून प्रमाण नव्याने तोलून साधा. पोटॅशियमचे उत्प्रेरक इथे गळतात, कारण तापल्यावर पोटॅशियम उडते, पाण्याने धुपते, मुशीत मुरते. वेगळा नमुना ८०० °से.ला काही तास भाजून तोही तपासा. फिल्टरमध्ये काजळी पेटते तेव्हा तापमान तिथपर्यंत जाऊ शकते.

प्लॅटिनमसाठी वेगळा नियम. फक्त हवेत तपासले तर प्लॅटिनमचा उत्प्रेरक यादीत तळाला जातो. त्याचे खरे काम धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनवण्याचे, आणि काजळी जाळते ते डायऑक्साइड. तुमच्या वायूत नायट्रिक ऑक्साइडच नसेल तर प्लॅटिनमला काम करायला काही मिळतच नाही. असे नमुने हवेतल्या चाळणीवरून बाद करू नका. नायट्रिक ऑक्साइड सोडता येईल असा नळीचा रिअॅक्टर उपलब्ध होईपर्यंत त्यांना वेगळ्या यादीत ठेवा. हे वायू विषारी आहेत, टीजीएच्या तराजूलाही गंज चढवतात, त्यामुळे यंत्राची परवानगी आणि धूर बाहेर नेण्याची सोय नसेल तर टीजीएत ते सोडू नका.

## ११. तक्त्यात काय लिहायचे

टी५०च्या रकान्याशेजारी ही माहिती हवीच: काजळीचा प्रकार आणि लॉट, काजळी-उत्प्रेरक प्रमाण, संपर्क घट्ट की सैल, कशाने आणि किती मिनिटे मिसळले, मिश्रणाचे वजन, मूस, दोन्ही वायूंचे प्रवाह आणि त्यावरून काढलेला ऑक्सिजन, तापवेग, किती रन आणि त्यांचा फैलाव, त्या दिवशीच्या संदर्भ सिरियाचे सकाळ-संध्याकाळचे दोन आकडे. मिसळणाऱ्याचे नावही वहीत असू द्या. सहा महिन्यांनी एखादा आकडा जुळेनासा झाला की पहिला प्रश्न त्यालाच विचारायचा असतो.